योजनेतली सायकल

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी सायकलवरून कार्यालयात जायला लागले, तेव्हा वाशीमने पहिल्याच आठवड्यात मला दोन आजार, एक निलंबन आणि एक घरगुती भांडण बहाल केलं. यातलं भांडण तेवढं खरं होतं, आणि तेही सायकलवरूनच झालेलं. नवऱ्याचं म्हणणं होतं, "लोकं काय म्हनतीन?" लोक काय म्हणतील याची मला काळजी नव्हती, कारण ते म्हणून झालं होतं.

सायकलीचं कारण अगदी साधं होतं. स्कूटी मुलाबरोबर अकोल्याला कॉलेजात गेली. घरापासून कार्यालय असं की चालत गेलं तर घाम फुटतो आणि ऑटोने जायचं तर ऑटो भरेपर्यंत त्यात पुतळ्यासारखं बसावं लागतं. रिठदला दादाकडे एक सायकल पडून होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शेती करतो. त्याच्या मुलीला आठवीत असताना शाळेतून ती मिळाली होती. गावातल्या मुलींनी शाळा सोडू नये म्हणून सरकारने अशा सायकली वाटल्या होत्या. भाची बारावी झाली, नर्सिंग शिकायला बाहेर गेली आणि सायकल कुटाराच्या खोलीत सोयाबीनच्या भुशावर आडवी झाली. मी फोनवर सहज विषय काढला आणि दुसऱ्याच दिवशी दादाने ती टेम्पोत टाकून पाठवली. दादाचं प्रेम असंच असतं. तो विचारत नाही, पाठवतो.

सायकल निळी होती. चेनकव्हरवर योजनेचं लांबलचक नाव रंगवलेलं होतं. गंजाने त्यातला बराचसा भाग खाल्ला होता आणि "शालेय मुलींसाठी" एवढंच ठळक उरलं होतं. दुरुस्तीला नेली तेव्हा सायकलवाले चाचा म्हणाले, "मॅडम, ये नाम मिटा देता हूं. दोन हात रंग मारतो, नवी दिसेल."

"राहू द्या चाचा," मी म्हटलं. "त्याच्यानं वय कमी वाटतं."

चाचांनी माझ्याकडे एकदा आणि चेनकव्हरकडे एकदा पाहिलं आणि ब्रेक आवळायला घेतले. त्यांचं ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पहिले पंधरा दिवस रस्त्यात ओळखीचा प्रत्येक माणूस थांबला. "मॅडम, गाडी बिघडली काय?" मी नाही म्हणायचे, मग कारण सांगायचे, मग त्यांना ते पटायचं नाही, मग ते दुसरं कारण शोधून काढायचे. पुढे मी सरळ "हो" म्हणायला लागले. त्यात वेळ वाचतो आणि समोरच्यालाही बरं वाटतं. शेजारची बाई मात्र सोडेना. फाटकाशी उभी राहून तिने हळू आवाजात विचारलं, "डॉक्टरनं सांगतलं काय वो? लय वाढली काय शुगर?" मी शुगर नाही म्हटलं तर तिचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी तिने मेथीच्या दाण्यांची पुडी आणून दिली. पडताळणीवर तिचा विश्वास नव्हता.

सायकलने मला माझंच शहर नव्याने दाखवलं, असं एखादं वाक्य इथे यायला हवं याची मला कल्पना आहे. खरं तर तिने मला पुसद नाक्याजवळचा एक चढ दाखवला, जो एकोणीस वर्षं स्कूटीवरून मला कधी दिसलाच नव्हता. तो चढ आहे हे वाशीममध्ये फक्त सायकलवाल्यांना आणि हातगाडीवाल्यांनाच माहीत असावं. पहिले काही दिवस मी तिथे उतरून चालत जायचे. पुढे एक दिवस तो बसूनच पार झाला. त्या दिवशी कार्यालयात मी विनाकारण सगळ्यांशी गोड बोलले.

कार्यालयाचं नाव सांगत नाही. सरकारी आहे, तिथे कागद येतात आणि कागद जातात, एवढं पुरे. येणारे कागद माझ्याकडे येतात. त्यांच्यावर शिक्का मारायचा, आवक क्रमांक टाकायचा आणि ते पुढच्या टेबलाकडे सरकवायचे. आवारात "चारचाकी" आणि "दुचाकी" असे दोन फलक आहेत. सायकल दुचाकीतच मोडते हे चौकीदाराला पटवायला मला तीन दिवस लागले. "मॅडम, थे गाड्याइसाठी हाये," तो म्हणायचा, आणि सायकल नेऊन पाण्याच्या टाकीमागे ठेवायचा.

माझ्या शेजारच्या टेबलावर जावक सांभाळणारे सहकारी बसतात. मी जे आत आणते, ते हे बाहेर काढतात. ज्येष्ठता यादीत ते बरोबर माझ्या खाली. मी सायकलवर यायला लागले तेव्हा त्यांनी मोठ्याने विचारलं, "मॅडम, कोनत्या वर्गात हाये? आठवी अ, का आठवी ब?" सगळे हसले, मीही हसले. विनोद चांगला होता. फक्त तो रोज झाला.

त्या वर्षी वरिष्ठ लिपिकाची एक जागा रिकामी होणार होती. यादीत मी पहिली आणि ते दुसरे. पदाची हाव नाही असं सांगणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, बहुतेक निरोप समारंभांत. मला होती. आवकेवर मत लिहायला जागा नसते. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारल्यावर एखाद्या कागदावर आपला अभिप्राय लिहावा, खाली सही करावी, असं वाटू लागतं. ती खुर्ची मला हवी होती आणि मी ते घरी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं.

अशात पर्यावरण दिन आला. आमच्या साहेबांना दिन आवडतात. कोणताही दिन असो, फ्लेक्स लागतो, हार येतो, फोटो निघतो. या खेपेला फ्लेक्सवर सायकल चालवण्याचा संदेश होता आणि संदेशासाठी सायकल हवी होती. अख्ख्या कार्यालयात एकच होती. ती टाकीमागून सन्मानाने काढण्यात आली, शिपायाने पुसली, हँडलला झेंडूचा हार घातला. साहेब गाडीतून उतरले, सायकल स्टँडवर असतानाच तिच्यावर बसले, दोन्ही हातांनी हँडल धरून क्षितिजाकडे पाहू लागले. क्षितिजाच्या जागी कार्यालयासमोरचं झेरॉक्सचं दुकान आहे. फोटोग्राफर म्हणाला, "सर, थोडं चालवल्यासारखं करा." साहेबांनी पॅडल मारलं. मागचं चाक हवेत गरगर फिरलं. टाळ्या पडल्या. मग साहेब उतरून गाडीत बसले आणि मीटिंगला गेले.

फोटो इथल्या एका छोट्या पेपरात छापून आला. साहेब छान दिसत होते. त्यांच्या पायाखाली "शालेय मुलींसाठी" त्याहून छान दिसत होतं.

दहा-बारा दिवसांनी टपालातून एक अर्ज आला. तो मीच उघडला, कारण सगळं टपाल मीच उघडते. खाली सही "एक जागरूक नागरिक". आमच्या जिल्ह्यात या नागरिकाचा पत्रव्यवहार मोठा आहे. अर्ज टाइप केलेला, मुद्देसूद. शाळकरी मुलींसाठी शासनाने दिलेली सायकल एक शासकीय कर्मचारी वैयक्तिक वापरासाठी ताब्यात ठेवते, तरी चौकशी व्हावी, सोबत पुरावा जोडला आहे. पुरावा म्हणजे साहेबांचा फोटो.

मी दोनदा वाचला. मग शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि नोंदवहीत विषयाच्या रकान्यात लिहिलं: "सायकलीच्या गैरवापराबाबत तक्रार." कुणाविरुद्ध, या रकान्यात माझं पद लिहिताना अक्षर जरा बिघडलं. शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, "काय आलं मॅडम?"

"माझ्यावरच आलं," मी म्हटलं.

"अरे बापा!" सहकारी म्हणाले आणि उठून माझ्यासाठी चहा सांगून आले. अर्ज त्यांनी केला की नाही हे मला आजही माहीत नाही. चहा मात्र चांगला होता, आणि त्यांचं वाईट वाटणंही खोटं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, हे कार्यालयात काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

साहेबांनी अर्ज वाचला आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त उतरला. "मी फक्त बसलो होतो हं," ते म्हणाले. "सायकल स्टँडवर होती. चाललीच नाही ती."

"चाक फिरलं होतं सर," मी म्हटलं.

"चाक फिरणं आणि सायकल चालणं वेगळं." सायकल भाचीची आहे हे मी सांगितलं, तसं आवाज खाली आणून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पदोन्नतीची यादी आठ दिवसांत वर जायची होती. चौकशी प्रलंबित असेल तर माझ्या नावाचा निर्णय बंद लिफाफ्यात जाणार आणि चौकशी संपेपर्यंत तो लिफाफा कुणी उघडणार नाही. "तुमची भाची येऊन जबाब देईल काय? मूळ लाभार्थी. माझी सायकल मी आत्याला स्वखुशीने दिली, एवढं एक वाक्य. मी त्याच दिवशी प्रकरण निकाली काढतो."

एवढंच ना, मला वाटलं. आत्यासाठी भाची एक वाक्य बोलणार नाही का? भाची आता रिसोडला एका दवाखान्यात नर्स होती, मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होती. मी दादाला फोन केला. दादा म्हणाला, "जयभीम. काही टेन्शन नोको घेऊ. मी घेऊन येतो तिले." तिला विचारून सांगतो, असं तो म्हणाला नाही आणि मीही म्हणाले नाही.

ठरलेल्या दिवशी दोघं आली. भाची ड्युटी बदलून आली होती. तिने माझ्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं, मी अर्ध्यातच धरलं. मग ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन सायकल बघून आली.

साहेबांच्या खोलीत आम्ही पाच जण. साहेब, मी, दादा, भाची आणि जबाब लिहायला आमचे जावकवाले सहकारी, कारण अक्षर त्यांचं चांगलं. साहेबांनी सांगायला सुरुवात केली, "लिहा. मी विचारल्यावरून जबाब देते की, सदर सायकल मला शाळेतून मिळाली होती. माझं शिक्षण पूर्ण झाल्यावर मी ती माझ्या आत्यास स्वखुशीने..."

"सर," भाची म्हणाली, "असं नाही झालं."

पेन थांबलं. "मग कसं झालं?"

"मी नर्सिंगले होती. दिवाळीत घरी आली त सायकल नव्हती. बाबाले विचारलं, त म्हने आत्याले पाठवली." तिने ओढणी नीट केली. "मले कोनी विचारलंच नाही."

दादा हसला. त्याला ते लाडाचं वाटलं. "अवो पोरी, घरातलीच वस्तू, घरातच त गेली! त्यात काय विचारा लागते?"

"घरातली नव्हती ना बाबा. माही होती. शाळेत मस्टरवर माही सही घेतली होती, तुमची नाही. तुमी तवा कापसाच्या गाडीसंगं गेल्ते. मी एकटीच गेल्ती आनाले."

"मंग तवाच काहून नाही बोलली तू?"

"बोलली होती. तुमी म्हनले, तू का आता सायकल चालवतं काय, नर्सबाई?"

मला वाटतं, ते वाक्य दादाला आठवलं असावं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, सहकाऱ्यांनी कागदाकडे. मी माझ्या हातावरच्या शाईकडे पाहत होते. एकोणीस वर्षं मी रोज येणाऱ्या कागदांवर आधी एकच गोष्ट बघते, सही कुठे आहे. बिनसहीचा अर्ज मी परत पाठवते, कितीही रडका असो. आणि वर्षभर मी एक सायकल चालवत होते जिच्या मालकिणीला साधा फोन केला नव्हता. फोन नंबर होता. वाढदिवसाला मी तिला फुलांची चित्रं पाठवत असे.

"बरं," मी म्हटलं. "आता विचारते. देतं का मले?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, झालं, आता हो म्हणेल. मोठ्यांनी माघार घेतली की लहानांनी पुढे यावं, असा आपल्याकडे एक अलिखित करार आहे.

"नाही आत्या," ती म्हणाली. "मले लागते. खोलीपासून दवाखाना लय दूर हाये. रोज पायी जातो मी."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "हे पाहा, सायकल तुम्ही घेऊन जा. आजच जा. त्याचं काही नाही. पण जबाबात 'स्वखुशीने दिली होती, आता परत घेतली' असं लिहू. म्हणजे मॅडमचंही नुकसान नाही. काय?" साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त सगळं फ्लेक्ससारखं सपाट आणि रंगीत आवडायचं.

भाची माझ्याकडे बघायला लागली. पहिल्यांदाच घाबरली होती. लिफाफ्याची गोष्ट दादाने तिला वाटेत सांगितली असणार. "आत्या, तसं लिहिलं त तुमचं प्रमोशन..." ती म्हणाली. "लिहू द्या मंग. करतो मी सही."

ती खरंच करणार होती. हात पुढे केला होता. खुर्ची, अभिप्राय, सगळं त्या एका सहीवर होतं. मी खूप थोर विचार केला असं नाही. मला एवढंच वाटलं की आठवीतल्या मुलीने एकटीने शाळेत जाऊन पहिली सही केली त्या वस्तूसाठी, आणि आता आपण तिच्याकडून त्याच वस्तूबद्दल खोटी सही घेतोय, तीही आपल्या चांगल्या अक्षराच्या सहकाऱ्यासमोर. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या सहीवर आवक क्रमांक मलाच टाकावा लागला असता.

"ती म्हणते तसं लिहा," मी म्हटलं.

सहकाऱ्यांनी मान वर केली. "मॅडम, 'न विचारता' लिहिलं त थे वर जाईन."

"जाऊ द्या. जावक तुमचीच आहे."

त्यांनी लिहिलं, आणि मला सांगायला हवं, एक शब्दही वाढवला नाही. भाचीने सही केली. तिची सही आता ऐटदार आहे, खाली दोन टिंबं देते.

यादी वर गेली. माझा निर्णय लिफाफ्यात गेला आणि ती खुर्ची सहकाऱ्यांना मिळाली. त्यांनी पेढे वाटले, पहिला मला दिला. वर्षभराने चौकशी "समज देऊन" संपली. लिफाफा उघडला, तोवर जागा उरली नव्हती. पुढच्या यादीत मी पुन्हा पहिली आहे. चाचांकडून मी एक काळी सायकल घेतली आहे, तिच्यावर काहीही लिहिलेलं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी दुपारी आम्ही तिघं सायकल ढकलत रिसोडच्या जीप लागतात तिथे गेलो. जीपवाला म्हणाला, "वर टाकू, पन सायकलचं अर्धं तिकीट लागन." भाची म्हणाली, "काहून? ते काय सीटवर बसून राह्यली?" जीपवाला हसला आणि सायकल वर घेतली. दोर बांधायला दादा पुढे झाला, तर ती म्हणाली, "बाबा, तुमी राहू द्या," आणि मागच्या शिडीवरून स्वतः टपावर चढली. तिने दोन ठिकाणी दोर आवळला, एकदा हलवून पाहिलं. वरूनच मला विचारलं, "आत्या, ब्रेक कोनं केले? लय कडक हायेत."

"चाचांनी. तुला सैल हवे तर रिसोडला करून घे."

"नाही, चांगलेच हायेत."

जीप भरली, म्हणजे दोनदा भरली, आणि निघाली. टपावर पोत्यांमध्ये निळी सायकल आडवी पडून गेली.

दादा आणि मी रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. समोर चहाचं दुकान होतं. दादा माणसाला चहाचं कधी विचारत नाही, तो दुकानात शिरता शिरता बोटं दाखवून मोकळा होतो. त्या दिवशी तो उंबऱ्यापाशी थांबला, मागे वळला आणि अवघडून म्हणाला,

"चहा घेतं काय? का नोको?"

"घेते," मी म्हटलं. "साखर कमी."

"कमी म्हंजे किती?" त्याने विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत तसाच उभा राहिला.